मधमाश्यांना सांगायचं राहिलेलं

ओबेड पिनॉक माणसांशी फारसा बोलत नसे, पण मधमाश्यांशी त्याचं बोलणं अखंड चालू असे.

हेझलकोम गावाच्या वर, टेकडीच्या अंगावर त्याचं घर होतं. घरामागे लांब फळीवर पेंढ्याच्या विणलेल्या टोपल्या उपड्या घालून ओळीने मांडलेल्या, आणि त्या टोपल्यांत माश्या नांदत. रोज सकाळी ओबेड चहाचा पेला घेऊन तिथे जाई, दाराच्या मोठ्या लोखंडी किल्लीने टोपलीवर हलकेच टकटक करी आणि गावची खबरबात देई. पाद्रीसाहेबांचा घोडा लंगडतोय. गिरणीचं चाक पुन्हा अडकलं. टॅपरबाईच्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलंय, आता बाई आठवडाभर तेच दळण दळत बसेल. ओबेडचं तोंड बंद असलं तरी कान उघडे होते, आणि टेकडीवरून जाणारे गाडीवाले काही हळू आवाजात बोलत नसत.

माश्यांना सांगायचं ही तिथली रीतच होती. घरात कुणी जन्मलं, कुणी गेलं, कुणाचं लग्न झालं, तर ते माश्यांच्या कानावर घालावंच लागे. नाही घातलं तर त्या रुसतात, वाळतात, नाहीतर सरळ उठून चालू लागतात. हेझलकोममधल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. बायको थर्झा गेली तेव्हा ओबेड स्वतःचे डोळे पुसायच्या आधी टोपल्यांपाशी गेला होता आणि एकेका टोपलीला काळी फीत बांधून आला होता.

एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नव्हती. चार वर्षं ती त्याच्या घशात अडकून बसली होती. ती गोष्ट म्हणजे त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, केझायाचं, लग्न.

केझायाने रूबेन हॅलेटला पसंत केलं होतं. रूबेनमध्ये खोट काढायची म्हटली तर मोठी पंचाईत होती. छपरं शाकारण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या गावांत कुणी नव्हता, दारूला तो शिवत नसे, आणि केझाया रस्त्याने जाताना दिसली की शिडीवरून पडायचा तेवढा बाकी राही. पण तो चॅपेलचा होता. म्हणजे गावच्या चर्चकडे पाठ फिरवून ओढ्याकाठच्या विटांच्या चॅपेलात जमायचं आणि छप्पर उडेल इतक्या मोठ्याने गायचं, त्या मंडळींतला. आणि ओबेड होता चर्चचा घंटावाला. मनोऱ्यातली सगळ्यांत मोठी घंटा त्याची. त्याच्या बापाने तीच ओढली होती, आजानेही तीच. आपल्या लेकीचं लग्न लागतंय आणि ती घंटा मुकी, हे काही केल्या त्याच्या पचनी पडेना.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी केझाया आपलं कपड्यांचं गाठोडं न्यायला टेकडीवर आली, तेव्हा ओबेडने आतून दाराला किल्ली फिरवली.

"बाबा, कपडे राहू देत," ती बाहेरून म्हणाली. "आईचं मुरंब्याचं पितळी पातेलं तेवढं द्या. मला तेवढंच हवंय."

"या घरातलं काहीसुद्धा तुझं नाही," ओबेड आतून म्हणाला.

मग तिच्या पावलांचा आवाज उतारावरून खाली गेला. ओबेडला तेव्हाच दार उघडावंसं वाटलं होतं. उघडलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

हेझलकोमचा एक जुना न्याय होता. कुणी घरच्या माणसाला छळलं की गाव त्याच्या दारात जमे आणि पातेली, फावडी, घमेली, जे हाताला लागेल ते बडवत राही. शिवी नाही, दगड नाही, नुसता ठणठणाट. तसा तो त्या रात्री ओबेडच्या दारात झाला. सगळ्यांत पुढे टॅपरबाई होती, हातात सुपाची पळी आणि झाकण घेऊन. दुसऱ्या दिवसापासून ओबेडने घंटा सोडली, चर्च सोडलं, आणि गावात उतरणंही सोडलं.

केझाया काही दूर देशी गेली नव्हती. ओढ्यापलीकडे, खालच्या गल्लीच्या टोकाला तिचं घर होतं. रोज सकाळी तिच्या धुराड्यातून धूर निघाला की टेकडीवरून ओबेडला दिसे, आणि तो दिसेपर्यंत त्याला चहाची चव लागत नसे. लेकीची त्याला फार आठवण येई. पण जाऊन सांगणार कोण? आणि केझाया तरी काय, तीही पिनॉकच. "दार त्यांनी लावलंय," ती टॅपरबाईला म्हणाली होती, "आता दारात त्यांनीच यायचं." टॅपरबाईला सांगितलं म्हणजे ते टेकडीवर पोचणारच होतं. पोचलंही. ओबेड मनात रोज निघे आणि फाटकापर्यंत जाऊन परत येई.

जूनमधल्या एका सकाळी, दव सुकून ऊन जरा चढलं, तशी थर्झाची टोपली गुणगुणायची थांबून गर्जू लागली.

थर्झाने लग्नात माहेरून आणलेल्या माश्यांचा हा वंश. बाकीच्या सगळ्या टोपल्या याच टोपलीच्या लेकीसुना. ओबेड कुंपणासाठी फांद्या विणत बसला होता. त्याने मान वर केली तोवर माश्यांचा लोट टोपलीच्या तोंडातून बाहेर पडत होता, आणि सफरचंदाच्या झाडावर क्षणभर घिरट्या घालून तो उताराच्या दिशेने निघालाही.

ओबेडने हातातला कोयता टाकला, स्वयंपाकघरात धावला, भिंतीवरचं पितळी पातेलं ओढलं, दारातली किल्ली उपटली आणि ठणठण करत मोहोळाच्या मागे पळत सुटला. टोपी घालायचं राहिलं. दार लावायचंही राहिलं.

पातेलं का बडवायचं, तर त्याने माश्या खाली बसतात, असं म्हणतात. बसतात की नाही ते माश्यांनाच ठाऊक. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, तुम्ही बडवत आहात तोवर मोहोळ तुमचं. त्याच्यामागे कुणाच्याही शेतातून, कुणाच्याही अंगणातून, खुद्द जमीनदाराच्या बागेतून गेलात तरी तुम्हाला कुणी अडवायचं नाही. हात थांबला की हक्क संपला. मग माश्याही तुमच्या नाहीत, आणि दुसऱ्याच्या जागेत घुसलेले तुम्ही एक आगंतुक.

मोहोळ आधी जवाच्या शेतावरून गेलं. ओबेड जवातून गेला. मग मोहोळाने पाद्रीसाहेबांच्या बागेची भिंत ओलांडली, तशी ओबेडनेही ओलांडली, फक्त जरा कमी डौलाने. पाद्रीसाहेब बाह्या सरसावून भाजीच्या वाफ्यात वाकले होते.

"अहो, पिनॉक," ते सरळ होत म्हणाले. "चार वर्षं चर्चच्या दारातून आला नाहीत, आणि आज आलात ते माझ्या वाटाण्यांतून?"

"माश्या नेतील तिकडे जायचं, साहेब." ठण, ठण, ठण.

"ते ठीक आहे. पण वाटाणे जरा जपून."

"जपतोय, साहेब," म्हणत ओबेडने वाटाण्यांची एक अख्खी ओळ आडवी केली आणि पलीकडच्या भिंतीवर चढला.

त्याचं वय आता साठीकडे झुकलं होतं, आणि इतकं तो तरुणपणीसुद्धा धावला नव्हता. दम लागला होता, पोटरीला काटे लागले होते, आणि तरी त्याच्या मनाला काहीतरी मोकळं वाटत होतं. किती दिवसांनी तो कुणाशी तरी बोलला होता. वाटाण्यांबद्दल का असेना.

मग ओढा आला.

ओढ्यावर एक फळी टाकलेली होती. पलीकडे खालची गल्ली. मोहोळ ओढा ओलांडून, गल्लीवरून सरळ पुढे चाललं होतं, आणि ते कुठे चाललंय हे ओबेडला एकाएकी कळलं. गल्लीच्या टोकाला हनीसकलच्या वेलाने झाकलेलं एकच घर होतं.

त्याचा हात एका ठोक्यापुरता अडखळला. इथे थांबलं की संपलं. थर्झाच्या माश्या गेल्या, पण मान तरी ताठ राहिली. आणि फळी ओलांडली तर? चार वर्षं जे दार मनात रोज गाठलं होतं, ते आता खरोखरच गाठायचं, तेही घामाघूम, बोडक्या डोक्याने, अंगाला जवाची कुसं चिकटलेली. त्याने मोहोळाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बडवू लागला. फळी त्याच्या वजनाने वाकली आणि तो पलीकडे गेला.

आता हेझलकोमच्या लोकांचाही दोष नाही. त्यांनी जे ऐकलं ते असं: खालच्या गल्लीत कुणीतरी पितळेचं पातेलं बडवतंय. दारं उघडून पाहिलं तर ओबेड पिनॉक, डोळे तारवटलेले, लेकीच्या फाटकातून आत शिरतोय. तोवर माश्या वेलाच्या पानांत बसत होत्या, त्या काही गल्लीतून दिसत नव्हत्या.

"अगं बाई," टॅपरबाई ओरडली, "म्हातारा लेकीच्या दारात पातेलं बडवतोय. चार वर्षांपूर्वीचा सूड उगवतोय मेला. आणि तिची तान्ही पोर अजून महिन्याचीही नाही."

तिने पळी आणि झाकण उचललं. बघता बघता गल्ली भरली. कुणाच्या हातात घमेलं, कुणाच्या हातात चुलीतली सळई, गिरणीवाला तर दुधाचा मोठा डबाच घेऊन आला. सगळं गाव केझायाच्या कुंपणाला लागलं आणि ओबेडवर उलटं बडवू लागलं. तो आत एकटा, हे बाहेर पन्नास. चॅपेलशेजारच्या कोठाराच्या छपरावर रूबेन काम करत होता. त्याने हे पाहिलं आणि तो शिडीच्या पायऱ्या न मोजता खाली घसरला.

ओबेडच्या कानी यातलं काहीही नव्हतं. तो केझायाच्या दारासमोर उभा होता. दारावर झुकलेल्या वेलीत मोहोळ बसलं होतं, चांगलं हातभर लांब, चौकटीच्या वरून खाली लोंबत होतं. त्याखालून कुणी आत जाऊ शकत नव्हतं आणि बाहेरही येऊ शकत नव्हतं. मोहोळ बसलं, म्हणजे बडवायचं काम संपलं. पण ओबेड बडवतच राहिला, कारण थांबल्यावर या अंगणात तो कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

वरची खिडकी उघडली. केझाया बाहेर वाकली. तिच्या खांद्यावर शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"बसलंय मोहोळ, बाबा," ती म्हणाली. "थांबवा आता. पोरगी झोपली होती."

चार वर्षांनी लेक त्याच्याशी बोलली ती हे वाक्य. ओबेडचा हात खाली आला.

कुंपणापलीकडचाही आवाज हळूहळू विझला, कारण आता सगळ्यांना माश्या दिसल्या. गिरणीवाल्याने डबा पाठीमागे लपवला. टॅपरबाईने पळी एप्रनखाली ढकलली आणि आपण सूप ढवळता ढवळता सहज आलो आहोत असा चेहरा केला. त्या शांततेत खांद्यावरच्या शालीतून रडण्याचा बारीक आवाज आला. ओबेडने आपल्या नातीचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

रूबेन धापा टाकत फाटकातून आत आला. आधी मोहोळ पाहिलं, मग सासरा.

"मिस्टर पिनॉक," तो म्हणाला. त्याने टोपी काढली.

"टोपली हवी," ओबेड जमिनीकडे बघत म्हणाला. "मी तसाच धावलो. घेऊन येतो वरून."

"टोपली आहे," रूबेन म्हणाला.

अंगणाच्या कडेला, भिंतीच्या उबेला एक बाक होता. त्यावर पेंढ्याची नवी टोपली ठेवलेली, हात फिरवावा अशी घट्ट विणलेली. आतून तिला लिंबासारख्या वासाचा पाला चोळलेला होता, माश्यांना आवडतो तो. ओबेडने टोपली उचलली. हलकी. रिकामी.

"कुणाची ही?"

"केझायाची. मीच विणली, दोन वर्षं झाली," रूबेन म्हणाला. "दर वसंतात ती नवा पाला चोळून ठेवते."

"आणि माश्या?"

"माश्या पैसे देऊन आणायच्या नसतात. कुणीतरी द्याव्या लागतात." रूबेनने टोपी हातात फिरवली. "कुणी दिल्या नाहीत."

देणारे गावात पुष्कळ होते. टॅपरबाईच्याच तीन टोपल्या होत्या. पण केझाया कुणाच्या माश्यांची वाट पाहत होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी पुढे झालं नव्हतं. हे आता ओबेडलाही कळलं. तो ती रिकामी टोपली छातीशी धरून उभा राहिला.

"आता भरा आणि द्या," टॅपरबाई कुंपणावरून म्हणाली. तिला फार वेळ गप्प राहवत नसे. "पण मी सांगून ठेवते, त्या राहायच्या नाहीत. जिथे घरचं भांडण तिथे माशी टिकत नाही. काय हो पिनॉक, लग्नाचं सांगितलं होतं का तुम्ही त्यांना?"

ओबेडने टोपली आणखी घट्ट धरली.

"आणि पोरीचं?"

ओबेडने नकारार्थी मान हलवली.

कुंपणापलीकडे लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. लेकीला घराबाहेर काढलं हे वाईट होतंच, पण माश्यांनाही सांगितलं नाही, म्हणजे कमालच झाली. "मग बरोबर आहे," टॅपरबाई म्हणाली. "त्या स्वतःच बघायला आल्या. तुमच्या भरवशावर किती दिवस थांबणार बिचाऱ्या?"

कुणीतरी हसलं. ओबेडच्याही ओठाचा कोपरा हलला, पण लगेच स्थिर झाला. करायचं काय ते आता उघड होतं. त्याने टोपली बाकावर ठेवली, किल्ली घेतली, आणि दाराच्या चौकटीवर, लोंबत्या मोहोळाच्या खाली, हलकेच टकटक केली.

"ऐका," तो माश्यांना म्हणाला.

"माझ्या लेकीचं लग्न झालंय. केझायाचं. रूबेन हॅलेटशी. छपरं शाकारतो. माणूस चांगला आहे. तेव्हाही होता." त्याने ओठ पुसले. "हे तुम्हाला चार वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. ती दारात उभी होती आणि मी आतून किल्ली फिरवली. हीच किल्ली. तिने आईचं पातेलं मागितलं, तेही दिलं नाही. चूक माझी होती. तिची नव्हती. चॅपेलची नव्हती. माझी."

"मोठ्याने बोला," वरून केझाया म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "एवढ्या ठणठणाटानंतर त्यांना ऐकू यायचं नाही."

ओबेडने वर पाहिलं नाही. त्याने श्वास भरून घेतला, घंटेचा दोर ओढण्याआधी घेत असे तसा.

"चूक माझी होती," तो म्हणाला, आणि ते गिरणीपर्यंत ऐकू गेलं. "मला तिची रोज आठवण येते. धूर दिसला की मगच मी चहा पितो."

केझाया खिडकीत तोंडावर हात धरून उभी होती. टॅपरबाईने एप्रनखालची पळी बाजूला करून एप्रन डोळ्यांना लावला.

"आणि तिला मुलगी झालीय," ओबेड पुढे म्हणाला. "तिचं नाव..."

तो थांबला. तिचं नाव त्याला माहीत नव्हतं. गाडीवाल्यांच्या बोलण्यात मुलगी झाल्याचं आलं होतं, नाव आलं नव्हतं, आणि त्याने विचारलं नव्हतं. कुंपणाला टेकलेल्या प्रत्येक माणसाला ते नाव ठाऊक होतं. पण कुणी तोंड उघडलं नाही, अगदी टॅपरबाईनेही नाही. ते सांगायचा मान एकाच माणसाचा होता.

"काय नाव आहे तिचं?" ओबेडने खिडकीकडे मान वर करून विचारलं.

"डॉर्कस," केझाया म्हणाली. "रूबेनच्या आईचं."

त्याला वाटलं होतं, थर्झा असेल. पण तसं वाटून घ्यायचा आपल्याला काय अधिकार, हे त्याचं त्यालाच उमगलं. तो पुन्हा माश्यांकडे वळला.

"डॉर्कस," त्याने सांगितलं, जपून, जसं काही ते नाव सांडेल. "डॉर्कस हॅलेट. आवाज खणखणीत आहे. आता तुम्हाला सगळं सांगून झालं."

मग दोघे कामाला लागले. रूबेनने टोपली उलटी करून मोहोळाखाली धरली, ओबेडने टाचा उंचावून वेलीची फांदी धरली आणि एक झटका दिला. माश्यांचा गोळा धपकन टोपलीत पडला. काही रूबेनच्या दाढीत अडकल्या. तो अंग चोरून उभा राहिला आणि भीती घालवायला हलक्या आवाजात चॅपेलचं एक गाणं गुणगुणू लागला, आणि मध्येच आपल्यासमोर कोण उभं आहे हे लक्षात येऊन गप्प झाला.

"थांबलास का?" ओबेड त्याच्या दाढीतून एकेक माशी बोटाने काढत म्हणाला. "गा. त्यांना चालतंय असं दिसतंय."

"आणि तुम्हाला?" रूबेनने हळूच विचारलं.

"मी काय माशी आहे?" ओबेड म्हणाला. पण रूबेनने गाणं पुरं केलं, आणि म्हाताऱ्याने ते पुरं होऊ दिलं.

टोपली उपडी करून बाकावर ठेवली. उरलेल्या माश्या रांग धरून आत शिरू लागल्या. दार मोकळं झालं तशी केझाया खाली आली आणि बाहेर पाऊल टाकून उभी राहिली. पोर तिने रूबेनच्या हातात दिली.

"माश्या दिल्या," ओबेड म्हणाला. "तुझ्या आईच्या आहेत. तुझ्याच." त्याने हातातलं पातेलंही बाकावर ठेवलं. "हेही."

केझायाने पातेलं उचलून उन्हात धरलं. "बघा काय केलंत याचं," ती म्हणाली. "सगळीकडे पोचे. यात आता मुरंबा सरळ शिजेल का?" असं म्हणताना तिचे डोळे भरून वाहत होते. तिने ते पुसले नाहीत. "रविवारी डॉर्कसचा बाप्तिस्मा, डोक्यावर पाणी शिंपडायचंय. दुपारी सगळे जेवायला आहेत. या."

"चॅपेलात?"

"जेवायला, बाबा. चॅपेलचं तुमचं तुम्ही बघा."

ओबेड टेकडी चढून घरी गेला तेव्हा दार सताड उघडं होतं आणि कुणाच्या तरी कोंबड्या स्वयंपाकघरात फिरत होत्या. किल्ली खालीच राहिली होती, बाकावर. आठवडाभर त्याचं दार उघडंच राहिलं, आणि त्याला ते वावगं वाटलं नाही. रोज सकाळी उरलेल्या टोपल्यांना तो तीच बातमी पुन्हा पुन्हा सांगत होता. त्या कंटाळल्या असतील, पण बोलल्या नाहीत.

रविवारी त्याने दाढी केली, लग्नातला कोट अंगावर चढवला, मधाची एक बरणी घेतली आणि उतार उतरला. चॅपेलच्या भिंतीशी, बाहेरच्या बाजूला, तो गाणं संपेपर्यंत उभा राहिला. आत गेला नाही. एका दिवसात माणसाने बदलावं तरी किती. मग सगळे केझायाच्या घरी गेले, आणि जरा अंतर ठेवून तोही त्यांच्यामागून गेला.

फाटकापाशी आल्यावर मात्र त्याचे पाय अडले. आतून ताटांचा आवाज येत होता, भाजलेल्या मांसाचा वास येत होता, टॅपरबाई कुणालातरी काहीतरी तिसऱ्यांदा सांगत होती. त्या दिवशी मोहोळ होतं, हातात पातेलं होतं, आत शिरायचा हक्क होता. आज त्याच्याकडे मधाची बरणी होती आणि लग्नातला कोट. त्याने फाटकाच्या कडीला हात लावला आणि काढून घेतला. चार वर्षं मनातल्या मनात तो इथूनच परत फिरत आला होता. त्याची पावलं आपोआप वळली.

आतून आवाज आला. ठण.

तो थांबला. ठण, ठण, ठण.

केझाया उंबरठ्यावर उभी होती. एका हातात पोचे पडलेलं पितळी पातेलं, दुसऱ्या हातात त्याच्या घराची लोखंडी किल्ली, आणि ती सगळ्या जोराने बडवत होती. तिच्यामागे पाहुणे हातातली ताटं घेऊन दाराशी गोळा झाले. रूबेनच्या हातावरची डॉर्कस डोळे मोठे करून आवाजाकडे पाहत होती.

"मोहोळ उठलं की काय?" टॅपरबाईने तोंडातला घास गिळत विचारलं.

"नाही," केझाया म्हणाली. "आलंय." आणि वडिलांकडे बघून ती मोठ्याने म्हणाली, "रीत ठाऊक आहे ना, बाबा? मी बडवतेय तोवर जे समोर आहे ते माझं."

ओबेडने फाटक उघडलं. तो अंगण ओलांडून, टोपलीत ये-जा करणाऱ्या माश्यांना मान लववून, दारापर्यंत आला आणि उंबरठा ओलांडून आत गेला, तोपर्यंत केझायाने हात थांबवला नाही.